मूत्राशयाला निरोप कोण पोचवतो?



शरीराच्या काही अवयवांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो आणि काहींविषयी बोलणे टाळतो. हृदय, डोळे, पोट, हात-पाय यांना आपल्या भाषेने वाक्प्रचारांचा केवढा तरी साज चढवला आहे. मूत्राशयाच्या वाट्याला मात्र संकोचच आला. या संकोचापायी घरातील वडीलधारी माणसे पुष्कळदा त्रास अंगावर काढतात आणि दुखणे विकोपाला गेल्यावरच तोंड उघडतात. म्हणून आजचे हे सदर या दुर्लक्षित अवयवासाठी राखून ठेवले आहे.

निमित्त झाले ते इंदूरहून आलेल्या एका वाचकभगिनीच्या पत्राचे. त्यांच्या सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे. पडसे झाले म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. नाक मोकळे झाले. पण तिसऱ्या दिवशी पहाटेपासून लघवी होईना. ओटीपोट फुगले, वेदनांनी जीव कासावीस झाला. सुनेपाशी कसे बोलावे म्हणून त्यांनी दुपारपर्यंत कळ काढली. अखेर संध्याकाळी रुग्णालयात नळी घालून त्यांची सुटका करावी लागली. भगिनी विचारतात, "नाकासाठी घेतलेल्या गोळीने लघवी कशी अडली? नाकाचा आणि मूत्राशयाचा संबंध काय?"

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांना शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची वाट मांजर, ससा, बेडूक, गिनीपिग, मेंढी अशा अनेक मुक्या जिवांच्या साहाय्याने चालावी लागली. आपणही त्या वाटेने थोडे चालू या. अखेरीस आपण इंदूरच्या त्या घरीच पोचणार आहोत.

पिशवी आणि तिचे दार

मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळून मूत्र तयार करतात. ते दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्राशय ही स्नायूंची एक पिशवी होय. प्रौढ माणसात तिच्यात साधारणतः 400 ते 500 मिलिलिटर मूत्र मावते. पिशवीच्या तोंडाला जी नलिका जोडलेली असते तो मूत्रमार्ग. या दोहोंच्या भिंती मुख्यत्वे अरेखित स्नायूंच्या बनलेल्या असतात. हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेनुसार हलतात. अरेखित स्नायू आपल्या इच्छेची वाट पाहत नाहीत. मूत्रमार्गाभोवती आणखी एक स्नायूचे कडे असते व ते मात्र आपल्या ताब्यात असते. प्रवासात किंवा सभेत आपण जे आवरून धरतो ते त्या कड्याच्या बळावर.

आता पाहा, या पिशवीला दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. मूत्र साठत असता पिशवी सैल आणि दार घट्ट असले पाहिजे. मूत्र बाहेर टाकताना पिशवी आवळली पाहिजे आणि नेमक्या त्याच वेळी दार सैल झाले पाहिजे. दोहोंतील मेळ चुकला की एकतर कपडे ओले होतात, नाहीतर लघवी तुंबते. हा मेळ कोण साधतो?

सन 1895 मध्ये केंब्रिज येथील लँग्ली आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी मांजर, ससा इत्यादी प्राण्यांवर या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. पाठीच्या कण्यातून निघून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे दोन संच त्यांनी तपासले. कण्याच्या अगदी तळाकडून येणाऱ्या तंतूंना विजेचा सौम्य धक्का दिला की मूत्राशय जोराने आवळे. कमरेच्या भागातून येणाऱ्या तंतूंचे कार्य निराळे होते. पहिल्या संचाला आज परानुकंपी व दुसऱ्याला अनुकंपी म्हणतात. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, अनुकंपी तंतू साठवणीचे काम पाहतात आणि परानुकंपी तंतू विसर्जनाचे. पुढे 1925 मध्ये बॅरिंग्टन यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की या सर्वांवर देखरेख करणारे एक केंद्र मेंदूच्या मागल्या भागात आहे. ते केंद्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दूतांचा शोध

पण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. विजेचा संदेश तंतूच्या टोकापर्यंत येतो. पुढे फट ओलांडून तो स्नायूत कसा शिरतो? 1904 मध्ये एलियट नावाच्या तरुण संशोधकाने एक धाडसी कल्पना मांडली. अनुकंपी तंतूंना चेतवल्याने जे घडते तेच अॅड्रेनॅलीन टोचल्यानेही घडते, असे त्याला प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. तेव्हा तंतूच्या टोकाशी संदेश पोचला की दर वेळी तेथे अॅड्रेनॅलीनच सुटत असेल काय, असा प्रश्न त्याने विचारला. 1907 मध्ये त्याने मूत्राशय व मूत्रमार्ग यांच्या मज्जातंतूंवर एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. एका प्राण्यात जे घडते ते दुसऱ्यात घडेलच असे नाही, हा धडाही त्या काळापासूनच शास्त्रज्ञांना मिळू लागला होता. हा धडा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

एलियटच्या कल्पनेला पुरावा मिळाला तो 1921 मध्ये, ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे. ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदये मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणारा मज्जातंतू चेतवताच त्याचे ठोके मंद झाले. मग त्या हृदयातील पाणी काढून त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. आणि ज्याच्या तंतूला स्पर्शही केला नव्हता ते हृदयही मंद झाले! पाण्यातून काहीतरी द्रव्य आले होते हे उघड झाले. ते द्रव्य म्हणजे अॅसिटिलकोलीन. लंडनचे हेन्री डेल यांनी या द्रव्याचे गुणधर्म 1914 मध्येच वर्णन करून ठेवले होते. लोवी आणि डेल या दोघांना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अनुकंपी तंतूंचा दूत हा अॅड्रेनॅलीनचा सख्खा भाऊ नॉरअॅड्रेनॅलीन होय, हे स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये निश्चित केले.

येथे भाषांतरकाराची एक अडचण सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा द्रव्यांना इंग्रजीत ट्रान्समीटर म्हणतात. कोशात त्याला 'प्रक्षेपक' असा प्रतिशब्द सापडतो. पण तो आकाशवाणीच्या मनोऱ्याला शोभणारा आहे. फट ओलांडून जाणारा, निरोप देणारा आणि काम होताच नाहीसा होणारा तो 'दूत' म्हणणे आम्हांस अधिक योग्य वाटले. हा दूत ज्याच्या कानात निरोप सांगतो त्या स्नायूवरील रेणूला 'ग्राही' म्हणावे. एकच दूत निरनिराळ्या ग्राहींना निरनिराळे निरोप देऊ शकतो. 1948 मध्ये अमेरिकेतील आल्क्विस्ट यांनी अॅड्रेनॅलीनच्या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग कल्पिले आणि पुष्कळ गोंधळ दूर झाला. मूत्राशयाच्या पिशवीवर बीटा ग्राही असतात. त्यांच्यामुळे पिशवी सैल पडते. मूत्राशयाच्या मुखाशी व मूत्रमार्गात अल्फा ग्राहींचे प्राबल्य असते. त्यांच्यामुळे दार आवळते. एकाच दूताच्या एकाच फेरीत साठवणीची दोन्ही कामे उरकतात.

धोतऱ्याचे कोडे

आता विसर्जनाकडे वळू. परानुकंपी तंतूंचा दूत अॅसिटिलकोलीन. तो मूत्राशयावर आला की पिशवी आवळते. या दूताचा निरोप अडवणारे द्रव्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. महाशिवरात्रीला शंकराला वाहिला जाणारा धोतरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या बियांत व पानांत अॅट्रोपीनच्या जातीची विषे असतात. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तो भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि त्याची लघवी अडते. या सर्व ठिकाणी अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना अॅट्रोपीनने जणू बोळा घातलेला असतो.

परंतु प्राण्यांच्या मूत्राशयाने येथे एक विलक्षण कोडे घातले. मूत्राशयाची एक बारीक पट्टी कापून कोमट क्षारजलात टांगावी, त्यात प्राणवायू सोडावा आणि पट्टीचे आवळणे नोंदवावे, ही प्रयोगशाळेची जुनी रीत. या पाण्यात अॅसिटिलकोलीन टाकले की पट्टी आवळते. आधी अॅट्रोपीन टाकून मग अॅसिटिलकोलीन टाकले तर पट्टी ढिम्म हलत नाही. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे. पण अॅट्रोपीन तसेच ठेवून पट्टीतील मज्जातंतूंना विजेने चेतवले, तर पट्टी पुन्हा आवळते! जोर कमी होतो इतकेच. हा प्रकार लँग्ली आणि अँडरसन यांनाही 1895 मध्ये दिसला होता.

दूत एकच असेल आणि त्याचे ग्राही बंद असतील तर निरोप पोचतो कसा? 1930 मध्ये डेल आणि गॅडम यांनी एक तोडगा सुचवला. तंतूच्या टोकातून सुटणारे अॅसिटिलकोलीन ग्राहीच्या इतके निकट सुटत असावे की मध्ये शिरण्यास अॅट्रोपीनला वावच मिळत नसावा, असे त्यांचे म्हणणे. स्पष्टीकरण चतुर होते आणि सांगणारे मोठे होते. पुढील कित्येक वर्षे ते मान्य होऊन राहिले. पण 1970 मध्ये अंबाचे आणि झार या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या मूत्राशयावर प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की, येथे अॅसिटिलकोलीनखेरीज दुसराही एक दूत काम करीत असला पाहिजे.

तिसरा दूत आणि एक भारतीय नाव

हा दूत कोण? मेलबर्न येथे काम करणारे जेफ्री बर्नस्टॉक यांनी 1972 मध्ये एक असे नाव पुढे केले की अनेकांनी भुवया उंचावल्या. ते नाव होते एटीपी, म्हणजे अॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट.

या द्रव्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. आंध्रातील भीमवरम येथे 1895 मध्ये, म्हणजे लँग्ली व अँडरसन यांचे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे सायरस फिस्क यांच्यासह 1929 मध्ये त्यांनी स्नायूंतून एटीपी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. एटीपी हे पेशीचे इंधन होय. प्रत्येक पेशी आपली सर्व कामे त्याच्या बळावर करते. मग इतके मौल्यवान इंधन निरोप देण्यासाठी बाहेर फेकण्याचा उधळेपणा पेशी करील काय? आक्षेप सकृद्दर्शनी सयुक्तिक होता आणि बर्नस्टॉक यांना वर्षानुवर्षे त्याला तोंड द्यावे लागले.

त्यांनी उत्तर दिले ते प्रयोगांनी. एटीपीसारखेच, पण लवकर न विघटणारे एक कृत्रिम द्रव्य आहे. ते गिनीपिगच्या मूत्राशयाच्या पट्टीला सतत दिले की एटीपीचे ग्राही थकून बधिर होतात. 1982 च्या सुमारास केलेल्या अशा प्रयोगात आढळले की, ग्राही बधिर झाल्यावर अॅट्रोपीनला न जुमानणारे आवळणेही ओसरते. पुढे 1994 मध्ये एटीपीचे असे ग्राही घडवणारी जनुकेच हाती आली आणि शंका मावळली. बर्नस्टॉक 2020 मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची एकेकाळची वेडगळ कल्पना पाठ्यपुस्तकांत विराजमान झालेली होती.

दोन्ही दूतांच्या स्वभावात भेद आहे. एटीपीचा निरोप झटकन पोचतो आणि पट्टीला क्षणभर जोराचा आवेग येतो. अॅसिटिलकोलीन सावकाश काम करते, पण त्याने आलेला दाब टिकून राहतो. एटीपीचे दुसरेही एक काम 1997 मध्ये सशावरील प्रयोगांत उघडकीस आले. मूत्राशय ताणले गेले की त्याच्या आतील अस्तरातून एटीपी पाझरते, आणि मूत्राशय भरल्याची वर्दी त्यामुळेच मज्जातंतूंना मिळत असावी असे सुचवण्यात आले. 2000 मध्ये याला बळकटी आली. मज्जातंतूंवरील एका विशिष्ट एटीपी ग्राहीवाचून जन्मलेले उंदीर कमी वेळा मूत्रविसर्जन करीत आणि त्यांच्या मूत्राशयात अधिक मूत्र साठे.

दार उघडणारा वायू

पिशवी आवळली, पण दार कोण उघडतो? अनुकंपी दूत येणे थांबले की दार थोडे ढिले होईल हे खरे. परंतु मूत्रमार्गाच्या पट्टीतील तंतू चेतवले असता ती आपणहून सैल पडते, असे प्राण्यांत दिसत होते. याचा दूत सापडण्यास 1990 नंतरचा काळ उजाडावा लागला. मेंढी, ससा, डुक्कर या प्राण्यांच्या मूत्रमार्गावर काम करणाऱ्या स्वीडिश व स्पॅनिश संशोधकांना आढळले की हा दूत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे. मोटारींच्या धुरात असणारा हा वायू शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार होतो, पेशींच्या भिंतीतून सहज आरपार जातो आणि काही क्षणांतच नाहीसा होतो. रक्तवाहिन्या सैल करणारा दूत म्हणून त्याचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे एकाच क्षणी परानुकंपी तंतू पिशवीला अॅसिटिलकोलीन धाडतात आणि दाराला नायट्रिक ऑक्साइड. आवळण्याचा व सैल होण्याचा मेळ असा साधला जातो.

प्राण्यांवरून माणसाकडे

आता एलियटच्या काळचा तो धडा आठवावा. गिनीपिग, ससा, उंदीर यांच्या मूत्राशयात एटीपीचा वाटा मोठा असतो. निरोगी माणसाच्या मूत्राशयाच्या पट्टीत मात्र अॅट्रोपीन जवळजवळ सारे आवळणे थांबवते. म्हणजे तेथे अॅसिटिलकोलीनचीच सत्ता चालते. लहान प्राणी मूत्राचे शिंतोडे उडवून आपल्या हद्दीच्या खुणा करतात. त्यासाठी त्यांना एटीपीचा तो झटपट आवेग उपयोगी पडत असावा, असा काहींचा तर्क आहे. गिनीपिगवर गुणकारी ठरलेले औषध माणसाला जसेच्या तसे लागू पडेल असे समजणे म्हणूनच धोक्याचे. उलटपक्षी, हे सारे प्रयोग माणसाच्या दृष्टीने निरर्थक ठरतात असेही नाही. ज्यांच्या मूत्रमार्गात अडथळा आहे किंवा ज्यांचे मूत्राशय रोगग्रस्त आहे, अशा माणसांत एटीपीचा हा दूत पुन्हा डोके वर काढतो, असे आढळले आहे. गिनीपिगमध्ये त्याची ओळख झाली नसती, तर माणसात त्याला कोणी शोधलेच नसते.

या ज्ञानातून औषधे निर्माण झाली. अॅसिटिलकोलीनचा निरोप अडवून उतावळ्या मूत्राशयाला शांत करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे 1970 नंतरच्या दशकात आली. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि वृद्धांचे भान कधी कधी हरपते. धोतऱ्याची लक्षणे आठवा म्हणजे कारण ध्यानात येईल. बीटा ग्राहींच्या एका उपप्रकाराला चेतवून पिशवी सैल करणारे मिराबेग्रॉन जपानमध्ये 2011 साली आणि अमेरिकेत 2012 साली मान्य झाले. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना टॅम्सुलोसिनसारखी औषधे देतात. ती अल्फा ग्राही अडवून दार सैल करतात. यांपैकी कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्यावाचून घेण्याचे नाही, हे वेगळे सांगावयास नको.

इंदूरच्या घरी

आता त्या भगिनींचा प्रश्न आपला आपल्यालाच सोडवता येईल. पडशाच्या पुष्कळशा गोळ्यांत दोन द्रव्ये एकत्र असतात. एक फिनाइलेफ्रिनसारखे, ते नाकातील रक्तवाहिन्यांच्या अल्फा ग्राहींना चेतवून त्या आकुंचित करते व नाक मोकळे करते. परंतु अल्फा ग्राही मूत्राशयाच्या दाराशीही आहेत, तेही आवळते. दुसरे क्लोरफेनिरामिनसारखे, ते शिंका व नाकाचे वाहणे थांबवते, पण त्याला अॅट्रोपीनचा थोडा गुण असतो. त्यामुळे पिशवीचा जोर घटतो. तरुण, निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. पण वृद्ध पुरुषात प्रोस्टेट ग्रंथीने वाट आधीच अरुंद केलेली असते. त्यात दार अधिक घट्ट आणि पिशवी अधिक दुबळी! लघवी अडली यात नवल ते काय? नाकाचा आणि मूत्राशयाचा संबंध असा, एकाच दूतांच्या ग्राहींचा आहे.

यावरून घराघरांत पाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. वृद्धांसाठी पडशाची, खाज थांबवण्याची किंवा झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नये; डॉक्टरांना विचारावे आणि रात्री वारंवार उठावे लागते किंवा धार बारीक झाली आहे, हे त्यांना आवर्जून सांगावे. आधी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. ओटीपोट फुगून दुखत असेल आणि लघवी मुळीच होत नसेल, तर घरगुती उपाय करीत वा अधिक पाणी पाजत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या मूत्राचा दाब उलटून मूत्रपिंडांवर पडू शकतो.

आणि शेवटी, ज्या मुक्या जिवांकडून हे ज्ञान मिळाले त्यांचे स्मरण ठेवावे. आपल्या देशात प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 मध्ये झाला आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूदही त्यातच आहे. जेथे दुसऱ्या मार्गाने उत्तर मिळते तेथे प्राणी वापरू नये, आणि वापरलाच तर त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, हे तत्त्व आता जगभर मानले जाते.

भगिनींनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे की सासरे आता घरी आले असून प्रकृती सुधारत आहे, आणि झाल्या प्रकाराबद्दल ते अजून संकोचतात. आमची विनंती इतकीच की, हा लेख त्यांच्या हाती द्यावा. आणि पुन्हा काही त्रास वाटलाच, तर दुपारची वाट न पाहता त्यांनी पहाटेच घरात कोणाला तरी उठवावे.